दोरीवरचा सेल

हेडक्लार्क आंघोळ करून बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर टॉवेल होता, आणि आता आपल्या मालकीचा एवढाच कपडा उरला आहे हे त्यांना अजून कळायचं होतं.

आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी ऑफिसात निरोपसमारंभ. कपाटाला डांबरगोळ्यांचा वास मारतो म्हणून बायकोने सकाळीच त्यांचे झाडून सगळे कपडे खाली अंगणातल्या दोरीवर वाऱ्याला टाकले होते. लग्नानंतर या गृहस्थाने नवा कपडा घेतला नव्हता. फाटला की रफू, सैल झाला की टीप, घट्ट झाला की पोट आत! रुंद कॉलरी, घेरदार पँटी, चॉकलेटी चौकडे. फॅशन आली, गेली, त्यांना पत्ताही नव्हता.

"अगं, करडा कोट आण वर!" त्यांनी खिडकीतून हाक मारली.

खाली कॉलनीतल्या जुन्या सामानाचा पहिलावहिला गराज सेल रंगात आला होता. तळमजल्यावरच्या डेंटिस्टबाईंनी तो भरवला होता, आणि विकायचे जुने कपडे टांगायला त्यांना अंगणातली तीच दोरी सापडली होती. बायको सेलमधल्या कपबशा विकायला टेबलामागे, दोरीकडे पाठ करून बसलेली.

ती वर आली ती रिकाम्या हातांनी. चेहरा पांढराफटक.

"दोरी आहे," ती म्हणाली, "कपडे नाहीत."

"वाऱ्याने उडाले?"

"विकले गेले."

हेडक्लार्क मटकन खाली बसले. "सगळे?"

"पायजम्यांसकट."

एवढ्यात डेंटिस्टबाई स्वतःच धापा टाकत वर आल्या. "काय माल दिलात हो सेलला! कुठल्याशा ऑफिसातली पोरं आली होती. जुन्या कपड्यांचा अख्खा बाजार पालथा घातला, पण असं काही मिळालं नाही म्हणाली. एक जण तर तुमची पँट छातीशी धरून नाचला!"

"बाई, ते माझे रोजचे कपडे होते!"

डेंटिस्टबाईंचा आ वासला तो वासलेलाच राहिला. "रोजचे? अहो, मी तर म्युझियममध्ये शोभतील असे म्हणून विकले!"

मग शोधाशोध सुरू झाली. शेजारचा मास्तर काडीपैलवान, त्याचा शर्ट दंडातच अडकला. वरच्या मजल्याला कुलूप. नवीन घ्यावे तर दुकानात जायलाही काहीतरी घालावं लागतं. शेवटी सेलमध्ये कोणीच हात न लावलेला एक सूट सापडला. जांभळा, चमचमता, टिकल्याटिकल्यांचा. डेंटिस्टबाईंचे बंधू तो घालून ऑर्केस्ट्रात गात असत. दुर्दैवाने तो हेडक्लार्कांना अगदी मापात बसला.

"मी जात नाही," ते आरशाकडे पाठ फिरवून म्हणाले. "आयुष्यभर माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. आणि शेवटच्या दिवशी सोंग होऊन जाऊ?"

बायकोने त्यांची कॉलर सरळ केली. "जा हो. लोक तुमच्यासाठी येणार आहेत, कपड्यांसाठी नाही."

रस्ताभर कुत्री मागे लागली. ऑफिसच्या वॉचमनने आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कडक सलाम ठोकला. हेडक्लार्कांनी मान खाली घालून हॉलचं दार ढकललं, आणि जागच्या जागी थिजले.

समोर टायपिस्ट त्यांच्या चॉकलेटी चौकड्यात उभी होती. अकाउंट्सवाला त्यांची घेरदार पँट दोन्ही हातांनी सावरत होता. आवकजावकवाल्याने त्यांचा स्वेटर चढवला होता. लाडक्या हेडक्लार्कांना निरोप द्यायला त्यांच्यासारखेच कपडे घालून यायचं, असा अख्ख्या ऑफिसने गुपचूप बेत केला होता. मधोमध, हातात हार घेऊन, करड्या कोटात साहेब.

टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच राहिले. हॉलमध्ये फक्त टिकल्या चमकत होत्या. साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. साहेबांना खरंच धक्का बसला होता.

"अहो, हे काय घालून आलात? आजच्या दिवशी तरी नीट कपडे घालायचे!"

"नीट कपडे तुम्ही घातलेत, साहेब," हेडक्लार्क म्हणाले.