नानांची रविवारची गर्दी

राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत नाना शेवडे दर रविवारी सकाळी माणसं गोळा करत फिरतात. वर्गणीसाठी नाही, सत्यनारायणासाठीही नाही. मुलाच्या व्हिडिओ कॉलसाठी.

"चला भिया, फटाफट! कॅनडा लागायच्या आत सेट होऊन जा."

मी नोकरीसाठी नाशिकहून इथं हिंदी मुलखात आलो आणि पहिल्याच रविवारी बोलावणं आलं. काय प्रेमळ माणूस, म्हणून गेलो, तर माझी जागा आधीच ठरलेली! समोरच्या जैन भाभी स्वयंपाकघराच्या दारात. गुप्ताजी सोफ्यावर, पेपर वाचत. मी खिडकीपाशी. "तुम्ही उंच आहात जी, मागं उभे राहिलात की घर भरून जातं." जन्मभर कचेरीत मान खाली घालून बसलेला हा माणूस तेवढ्यापुरता नाटक कंपनीचा मालक होतो. पोह्यांच्या बशा हातात येतात, पण घास घ्यायची सोय नाही. "थांबा! लागल्यावर खायचं. खाताना माणसं घरातली वाटतात."

नानांच्या पत्नी वारल्या तेव्हा अनिरुद्ध, त्यांचा एकुलता एक, फोनवर फार रडला होता म्हणे. तेव्हापासून हा कारभार सुरू झाला. "पोरगा तिकडे टेंशन घेतो भिया. बाप मजेत आहे, हे त्याला दिसलं पाहिजे."

यंदा दिवाळीला तो येणार होता. नानांनी वरच्या खोलीला रंग दिला, नातीसाठी झोपाळा टांगला, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला वर नेऊन दाखवला.

गेल्या रविवारी आमचा प्रयोग फारच रंगला. गुप्ताजींच्या चुटक्यावर भाभी चक्क खरंखुरं हसल्या. तिकडे अनिरुद्धही हसत होता.

"बाबा, एक सांगू? दिवाळीला सुट्टीचं जमत नाहीये. फार गिल्टी वाटत होतं. पण तुमच्याकडची ही रौनक बघितली आणि जीव हलका झाला. पुढच्या वर्षी नक्की."

"अरे, बिल्कुल! तू टेंशन मत ले. इथं बसायला जागा नाही बघ," म्हणत नानांनी फोन आमच्याकडे वळवला. आम्ही हात हलवले. दुसरं काय करणार?

कॉल संपला. भाभी पदराने डोळे पुसत आत गेल्या.

"मस्त झालं ना आज?" नाना म्हणाले. "जरापण कळलं नाही त्याला."

त्यांनी फोन शर्टाला पुसून खिशात ठेवला.

"थोडंसं कळायला हवं होतं, भिया."