रघूने बांधलेलं मंगळसूत्र

केसरीनाथच्या बायकोचं दुसऱ्याशी लग्न लागलं आणि ते लावून दिलं खुद्द केसरीनाथने. कामतघर वस्तीत एवढं सांगितलं की लोक पुढचं आपणहून सांगत. तरी आपण सांगितलेलं बरं, कारण माणूस सज्जन होता.

केसरीनाथ लूमच्या कारखान्यात मुकादम आणि उरलेल्या वेळात प्रासादिक नाट्य मंडळाचा मालक, दिग्दर्शक व प्रॉम्प्टर. स्टेजवर खोटं काही चालायचं नाही, ही त्याची खोड. चहा हवा तर वाफेचा, कोंबडा हवा तर आरवणारा. त्र्याहत्तर सालच्या सार्वजनिक सत्यनारायणाला मंडळाचं नाटक होतं. नायिका त्याची बायको तुळजा, नायक शेजारचा रघू. नाटकात भटजी होणारा कोंडू ऐन वेळी ड्युटीवर अडकला. पूजा सांगायला आलेले खरे भटजी मांडवातच प्रसाद खात बसले होते. केसरीनाथने त्यांनाच स्टेजवर चढवलं आणि तो धन्य झाला.

भटजींना थोडक्यात काही येत नव्हतं. त्यांनी होम पेटवला, नाटकातल्या बापाकडून कन्यादान करवलं, सप्तपदी घातली. कुमारिकेच्या भूमिकेसाठी तुळजाने स्वतःचं मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. तेच रघूने तिच्या गळ्यात बांधलं. बायका डोळे पुसत होत्या. विंगेत केसरीनाथही पुसत होता.

दुसऱ्या दिवशी रघूची आई ठकुबाई दारात उभी.

"रघूची अंजूरला ठरलेली सोयरीक मोडली," ती म्हणाली. "त्ये बोलतात, तुमच्या पोराचं लगीन झालेलं हाय. आमी सोता बघितलं. आता एक तर ह्ये लगीन मोडा, न्हायतर सुनेला घरी धाडा. रेशन कार्डात नाव चढवायला लागंल."

केसरीनाथ भटजींकडे धावला. "अहो, ते खोटं होतं."

"मंत्र खरे, अग्नी खरा, तूप खरं," भटजी म्हणाले. "खोटं काय होतं तेवढं सांगा."

"मी तिचा नवरा आहे हो!"

"मग तेव्हाच बोलायचं. तुम्ही तर विंगेतून 'सावधान, सावधान' सांगत होता."

घरी तुळजा भाकऱ्या थापत होती. "ते काढ," केसरीनाथ म्हणाला, "मी परत बांधतो."

"नवरा असताना घरात मंगळसूत्र काढीत न्हाय मी."

"स्टेजवर काढलंस की."

"तो रोल होता."

कुठला नवरा असताना, हे विचारायचा केसरीनाथला धीर झाला नाही.

"घेतलं तुमी, बांधलं त्यानं," तिने भाकरी उलटली. "गाठ पन चांगली मारलीय."

वीस वर्षांच्या संसारात बायको आपल्या हातून जाईल अशी भीती केसरीनाथला पहिल्यांदाच वाटली, आणि ती फार वाईट वाटली.

मग एकच उपाय उरला. शुक्रवारी लूम बंद, तोच मांडव, तोच होम, तेच भटजी, आणि नायक केसरीनाथ. तो जन्मात स्टेजवर उभा राहिलेला नव्हता. प्रॉम्प्टिंगला रघू बसला. ठकुबाई अंजूरच्या पाहुण्यांना घेऊन पुढच्याच सतरंजीवर बसली.

तुळजाने मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं. अंतरपाट धरला गेला आणि केसरीनाथला सवय नडली. त्याने हळू आवाजात तुळजाचे संवाद म्हटले, भटजींचे म्हटले, स्वतःचे राहून गेले.

"रघूला आना रे," मागून कुणीतरी बोललं.

मंगळसूत्राची गाठ बसेना. हात घामाने भिजले, मणी अंबाड्यात अडकले. लोक जांभया देत चपला शोधू लागले. अखेर कशीबशी गाठ बसली. भटजी म्हणाले, "झालं." एक टाळी पडली नाही. अंजूरचे पाहुणे मात्र समाधानाने उठले, आणि आता सगळं मनासारखं झालेली ठकुबाई पदराने डोळे टिपू लागली. "चांगली सून गेली माजी."

केसरीनाथ मान खाली घालून विंगेकडे वळला. पण त्याचं उपरणं तुळजाच्या शालूला बांधलेलं होतं, आणि ती जागची हलेना. तिने रिकाम्या होत चाललेल्या सतरंज्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"वन्समोर," ती म्हणाली.

भटजींनी तुपाच्या वाटीत डोकावून पाहिलं. "आहे अजून," म्हणाले.

रघू वही उघडून ओळ शोधत होता. त्याच्यासाठी न थांबता केसरीनाथ पाटावर जाऊन उभा राहिला.