किल्ली शेजारच्या घरी

"एक दिवस! फक्त एक दिवस माझ्या गाडीत बस. संध्याकाळी तू स्वतःच तिकीट फाडून टाकशील!" मॅलकी हेगर्टीने लेकीला छाती ठोकून सांगितलं.

ब्रोना पुढच्या आठवड्यात कायमची सातासमुद्रापार, पर्थला निघाली होती. बायको गेल्यापासून घरात मॅलकीशी बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. पण गडी डगमगला नाही. आपल्या क्लेअर परगण्यातल्या जुन्या मठांची, दगडी क्रुसांची त्याला खडान्‌खडा माहिती. तेराशे वर्षांपूर्वीचे दगड बघितल्यावर पोरीचा पाय निघणारच नाही, अशी त्याची खात्री!

पहिल्याच चर्चला कुलूप. किल्ली अर्थातच शेजारच्या घरी. आणि चहा पाजल्याशिवाय टुहीबाई किल्ली देतील कशाला?

"पर्थला? अगं बाई, आमचा डेक्लन तिथेच आहे!" म्हणत त्या आत पळाल्या आणि त्याच्यासाठी चहाची पाकिटं, लोकरी मोजे घेऊन आल्या.

"ती जाणार नाहीये!" मॅलकी ओरडला.

"मग तिकीट कशाला काढलंय?" टुहीबाईंनी मोजे ब्रोनाच्या हातात कोंबले.

चर्चमध्ये मॅलकीने हात पसरले. "बघ! हे सगळं आपल्या संताने उभं केलं."

"मग?"

"मग होडीत बसला आणि समुद्रापलीकडे गेला. देवासाठी."

"परत आला?"

मॅलकीने घसा साफ केला. "नाही."

"निघायच्या आधी त्याच्या बापाने त्यालाही असंच फिरवलं होतं का?"

दुसरी किल्ली कॉन्सिडाइनकडे. त्याच्या दोन्ही मुली पर्थला! त्याने सॉसेजांची माळच आणून दिली.

"अरे, तिकडे मांस नेऊ देत नाहीत! विमानतळावर काढून घेतात!" मॅलकी करवादला.

"मोज्यात गुंडाळ की!"

तिसऱ्या ठिकाणी तर किल्ली मागायचीही गरज पडली नाही. टुहीबाईंनी गावभर फोन फिरवले होते. लोक पुडकी घेऊन फाटकातच उभे! मागची सीट भरली, मग डिकी भरली, मग ब्रोनाच्या मांडीवर केकचा डबा आला. दगडांकडे बघायला कुणाला सवड होती? मॅलकीला वाटलं, गाडी उचलून समुद्रात टाकावी.

"बाबा, तोंड पाडू नका ना," ब्रोना हळूच म्हणाली. "दगड कुठे जातायत? मी येईन तेव्हा असतीलच."

"दगड असतील गं," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.

शेवटचं चर्च त्याच्या घराजवळचं, आतल्या कोरीव क्रुसासाठी त्याचं लाडकं. तिथली किल्ली म्हाताऱ्या नोरा लिनेनकडे. निदान हिच्याकडे तरी पुडकं नव्हतं! दाराशी होती ती बांधलेली बॅग.

"मीही चालले रे, मुलाकडे! पोरीच्याच विमानात जागा मिळाली. सोबत झाली बघ!" नोराने गंजकी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "ही आता तू सांभाळ. तुला आता वेळच वेळ."

तेव्हापासून किल्ली मॅलकीकडे असते. मागायला येईल त्याला चहा घ्यावाच लागतो. क्रुसाबद्दल मॅलकी चकार शब्द काढत नाही. कप पुढे सरकवून एवढंच विचारतो, "तुमच्याकडचं कुणी पर्थला जाणारं आहे का हो?"

सॉसेजं मोज्यात गुंडाळून तयारच असतात.