राजाच्या तोंडातला लगाम

एका जंगलात, मुलांनो, दोन आवाज होते. एक ओढ्याचा आणि दुसरा राजाच्या घोरण्याचा. ओढा उन्हाळ्यात आटायचा. घोरणं बारमाही.

राजा होता भालेराव अस्वल. मान ओंडक्यासारखी, पोट मधाच्या बुधल्यासारखं. तो घोरू लागला की प्रजा म्हणायची, "काय हा दरारा!" राणी मोहोळबाईला मात्र घोरण्याची भीती वाटत नव्हती. तिला भीती वाटायची घोरणं थांबायची.

घोरता घोरता राजा एकदम गप्प व्हायचा. छाती धडपडायची, पण श्वास आत जायचा नाही. राणी कोपराने ढोसायची. "अहो! श्वास घ्या!" मग बुडता बुडता वर आल्यासारखा राजा धाप टाकायचा आणि पुन्हा घोरू लागायचा. ढोसून ढोसून राणीच्या कोपरावरचे केस गेले होते.

अशाने झोप पुरी होते का, सांगा बरं? नाही होत. म्हणून राजा दरबारात पेंगायचा. पेंगताना त्याची मान पुढे डुलायची.

आता या जंगलाचा रिवाज ऐका. ठराव वाचायचा आणि राजाची मान डोलली की तो मंजूर! कोल्हा कारभारी ठराव वाचायचा ते बरोबर दुपारच्या जेवणानंतर. सावकाश, एका सुरात. दरबारी बातमीदार पोपट मग झाडाझाडावर सांगत फिरायचा, "महाराज गहन चिंतनात होते." तो पहिल्याच रांगेत बसायचा. त्याला दिसत नव्हतं असं नाही. त्याला पेरू मिळत होते.

शेवटी राणीने राजाला दंतवैद्य शेकरूबाईंकडे नेलं.

"झोपेत यांची जीभ मागे पडते आणि वाट बुजवते," शेकरूबाई म्हणाल्या. "खालचा जबडा जरा पुढे धरून ठेवायला हवा." त्यांनी मऊ लाखेत राजाचे दात उमटवून घेतले आणि दोन्ही जबड्यांवर बसेल अशी पट्टी बनवली. "झोपताना घालायची. सुरुवातीला लाळ गळेल, जबडा दुखेल. कुरकुर करायची नाही."

"मी राजा आहे. मी कुरकुर करत नाही," राजा म्हणाला आणि घरी जाईपर्यंत करत राहिला.

पण त्याला झोप लागली. खरी झोप. राणी उशाशी बसून त्याची छाती बघत राहिली. वर, खाली. वर, खाली. मग कितीतरी वर्षांनी तिचाही डोळा लागला.

पुढच्या दरबारात आक्रीत घडलं. राजा जागा होता.

"मोहाची राई कारभाऱ्यांच्या मेव्हण्याला बहाल," कोल्ह्याने सुरात वाचलं.

मान डोलली नाही.

"कोणती राई?" राजाने विचारलं. "आणि ओढा तरसांच्या नावावर कधी झाला?"

"महाराज, आपणच मान डोलावलीत."

"मी? बरं. उद्या जुने सगळे ठराव काढा. एकेक बघतो."

कोल्ह्याला शेपटीपर्यंत घाम फुटला.

सकाळी उजाडताच पोपट ओरडत सुटला, "राणीने राजाच्या तोंडात लगाम घातला!" राजवाड्यावर मोर्चा आला. पुढे कोल्हा, डोळ्यांत पाणी.

"महाराज, आमचं घोरणं कुठे गेलं? त्यावर जंगलाची अब्रू उभी होती! पलीकडच्या रानातली डुकरं हसतात हो आम्हाला!"

"घोरणं परत द्या!" हरणं ओरडत होती. घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत होती. ओढा त्यांचाच गेला होता.

राणी पुढे आली. "अहो, लगाम कसला? तुमचा श्वास आहे तो. आणि आज जुने ठराव बघायचे आहेत ना?"

"ऐकलंत?" कोल्हा हळूच म्हणाला. "आज काय बघायचं, तेही राणीसाहेबच सांगतात."

राजाचे केस उभे राहिले. "मी कुणाच्या ताब्यात नाही!" तो गरजला. आतून पट्टी आणून त्याने कोल्ह्याने पुढे केलेल्या तबकात टाकली.

जयजयकार झाला. पट्टी चौथऱ्यावर मांडली. खाली पाटी लावली: गुलामगिरीचे चिन्ह. दुपारी घोरणं परतलं आणि हरणांनी साखर वाटली.

कोल्हा मागच्या वाटेने शेकरूबाईंकडे गेला. "माझ्या मापाची एक द्या. घोरतो मीही. दरबारात कुणीतरी जागं राहायला हवं ना, बाई!"

राणीचं कोपर पुन्हा कामाला लागलं. आता ती दरबारातही राजाशेजारी बसू लागली. मान डुलायला लागली की ढोसायची. ठराव अडू लागले.

मग एका दुपारी दोन तरस येऊन राणीला धरून उभे राहिले. कोल्ह्याने वाचायला सुरुवात केली. सावकाश, एका सुरात.

"राणीसाहेबांच्या ढोसण्याने महाराजांच्या चिंतनात व्यत्यय येतो. सबब त्यांची राहण्याची सोय डोंगरापलीकडच्या गुहेत करावी."

"अहो!" राणी ओरडली. "जागे व्हा! अहो!"

राजाने डोळे किलकिले केले. तिच्याकडे बघून ओळखीचं हसला.

आणि त्याची मान डोलली.

तात्पर्य: राजाची झोप मोडू नये, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर विसरा. ती रोज मोडावी, तुकड्या तुकड्यांनी मोडावी. ज्याची झोप पुरी होते तो जागा होतो, आणि जागा राजा कुणालाच परवडत नाही. प्रजेला तर मुळीच नाही. तिला मग स्वतः जागं राहावं लागतं.