ग्राफिक्स कार्डाचा तुलनात्मक तक्ता

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ट्रक चालवायचं ठरवलं. घाबरू नका, खराखुरा नाही. (बाजाराच्या दिवशी दारव्ह्याच्या गर्दीतून मी साधी स्कूटीसुद्धा हाताने ढकलत नेतो.) कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये अठरा चाकांचा ट्रक घेऊन बर्फाचा घाट चढायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी सुटे भाग आणून मी स्वतः नवा कॉम्प्युटर जोडला. तो सुरूही झाला! पण ट्रक घाटात असे गचके खाई, की पाहणाऱ्याची कंबर दुखावी. स्क्रीनवरचं चित्र सुधारणारं ग्राफिक्स कार्ड घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. कोणतं घ्या, हे मात्र प्रत्येकाने वेगळं सांगितलं.

मी पंचायत समितीत बावीस वर्षं कारकून आहे. आमच्याकडे साधं कपाट घ्यायचं तरी तीन दरपत्रकं येतात आणि तुलनात्मक तक्ता होतो. मीही तीन कार्डांचा तक्ता केला. रकाने सात: मेमरी, लांबी, वजन, पंखे, दिवे, हमी आणि शेरा. आठवडाभर मला दुसरं काही सुचेना. ऑफिसच्या आवक रजिस्टरात एका पत्राच्या विषयापुढे मी चक्क ‘तीन पंखे’ लिहून बसलो.

तक्ता मंजुरीसाठी बायकोपुढे ठेवला. मंजुषाने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

“तीन पंखे कायले?”

“कार्ड गरम होते ना. अन् आपल्याकडचा मे महिना तुले माहीत आहे.”

“आपल्या खोलीत एकच आहे, तो बी खडखड करते. अन् यानं होईन काय?”

“फरक दिसन, मंजुषा! झाडाचं पान अन् पान वेगळं दिसन!”

“पानंच पाहाची असतीन तं बापूजीच्या वावरात चाला. दहा एकर तूर उभी आहे.” (बापूजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्या वावरात मला पानं पाहू देत नाहीत, तण निंदायला लावतात.)

तरीही तिने मंजुरी दिली. “सात दिवस वापरा. मले पटला फरक तं ठिवा, नाही तं कार्ड वापस.” यवतमाळचा दुकानदार नेमका तिच्या माहेरच्या ओळखीचा निघाला, त्यानेही लगेच मान डोलावली. म्हणजे सशर्त मंजुरी. असली पत्रं ऑफिसात मीच टाईप करतो, त्यामुळे ‘सशर्त’ हा शब्द किती जड असतो ते मला ठाऊक होतं.

सोमवारी कार्ड आलं. विटेएवढं जड! ते खाचेत बसवलं, स्क्रू आवळले, विजेच्या जाड वायरी खुपसल्या आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. तिन्ही पंखे गरगरले, निळेजांभळे दिवे लागले. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेम लावला आणि मी खुर्चीवरून उडालोच.

“मंजुषा, पाह्य, पाह्य! बर्फाचा एकेक कण दिसून राह्यला!”

“पाह्यलं. काल बी पांढराच होता.”

मी हार मानली नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या श्रावणला साक्षीदार म्हणून घरी आणलं. त्याने स्क्रीनला नाक लावून टायरची नक्षी दिसत असल्याचं कबूल केलं. (समोसे आल्यावर त्याला ड्रायव्हरच्या मिशाही दिसल्या.) ट्रक अधूनमधून गचके खाई, पण त्याचा दोष मी रस्त्याला दिला.

रविवारी निकाल होता. मंजुषाने यवतमाळहून आपल्या भावाला, सलीलला बोलावून घेतलं. तो कॉम्प्युटर दुरुस्तीतलाच माणूस. मी अर्धा तास त्याला फरक समजावून सांगत होतो. तो मात्र कॉम्प्युटरच्या मागे वाकला, तो वाकलेलाच.

“भाऊजी, मॉनिटरची वायर कुठं लावली तुमी?”

“मागं. पहिलेपासून आहे तिथंच.”

“तेच तं! ती मदरबोर्डात आहे, कॉम्प्युटरच्या मूळ पाटीत. कार्डात लावा लागते. हे पाहा, कार्डाच्या तोंडावरची रबरी टोपणं बी निघाली नाहीत. सात दिवस कार्डातून चित्र आलंच नाही. ते नुसते पंखे फिरवून राह्यलं.”

मी तक्त्याकडे पाहिलं. सात रकान्यांत वायरीचा रकानाच नव्हता.

सलीलने वायर काढून कार्डात लावली आणि चित्र बदललं. शपथेवर सांगतो, बदललं हो! घाट लख्ख उजळला, ट्रक एकही गचका न खाता वळला. मी पुन्हा खुर्चीवरून उडालो.

“पाह्य मंजुषा! हा पाह्य फरक! हा खरा!”

“सोमवारी बी असेच उडाले होते तुमी.”

“अवं, तवा कार्ड लागलंच नव्हतं!”

“तेच म्हणून राह्यली मी. तुमाले कार्ड न लावताच येवढा फरक दिसते, मंग कार्ड पायजे कायले?”

बावीस वर्षं मी फायलींवर शेरे लिहितोय, पण असा शेरा मला कधी सुचला नाही. सलील हसू दाबत स्क्रू काढू लागला आणि संध्याकाळच्या गाडीने कार्ड खोक्यासकट यवतमाळला गेलं.

तो गेल्यावर मी वायर पुन्हा जुन्या जागी खोचली आणि जड मनाने ट्रक घाटात घातला. बर्फ निरखला, टायर निरखले, चष्मा पुसून पुन्हा निरखले. मंजुषाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो: कार्ड होतं तेव्हाच्या आणि आताच्या चित्रात मला काही म्हणजे काही फरक दिसला नाही.