मनोहरकाकांची विकाऊ फटफटी

मनोहरकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, वजन विचारतात. पुण्याहून हैदराबादला बदली होऊन मी काचीगुड्याला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. माझ्या दोन्ही हातांत बॅगा, आणि दारात उभे राहून घरमालक म्हणाले, "वजन किती बेटा तुझं?" मी इतकी गोंधळले की खरं सांगून बसले.

"नाही जमायचं," ते खेदाने म्हणाले. "किक उलटी बसली तर तू कंपाउंडच्या पलीकडं."

मला वाटलं, खोली द्यायची नाही म्हणतायत. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "ते फटफटीचं बोलायलेत. तू ये आत."

फटफटी विलायती, काकांहून वयाने थोडी मोठीच. नामपल्लीच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ती पोत्यांत भरून आणली होती. लेक बालवाडीत असताना तिचे सुटे भाग अंगणात मांडले, आणि गाडी पहिल्यांदा धड चालली ती लेकीच्या लग्नाच्या सुमारास. मधल्या काळात काकूंची एक परात आणि दोन गाळण्या सुटे भाग धुवायला रॉकेलात गेल्या, त्या परत स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

ही गाडी सुरू करायची म्हणजे सगळं सोवळ्यातलं काम. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्ब्युरेटरवरची बारीक पिन दाबून धरायची, पेट्रोल ओघळेपर्यंत. मग हँडलवरची कळ मागे घ्यायची, किक हळूच दाबत इंजिन अडेल तिथे थांबायचं. आणि मग नुसतं उभं राहायचं. "का?" असं मी एकदा विचारलं. "गडबड नक्को," काका म्हणाले. "तिलाबी तयार होऊ दे की." ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, हे मला फार उशिरा कळलं आणि त्यावर माझा अजूनही नीट विश्वास बसलेला नाही.

मग काकांचा गुडघा गेला. ऑपरेशनशिवाय इलाज नाही आणि त्यानंतर किक मारणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका दोन दिवस नुसती फटफटी पुसत बसले. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आले आणि म्हणाले, "जाहिरात टाक बेटा. उभी राहिली तर पुन्हा भंगार होईल. माझ्या डोळ्यांदेखत ते नक्को."

मी फोटो काढून जाहिरात टाकली. पहिले गिऱ्हाईक म्हणजे बंजारा हिल्सचे एक डॉक्टर, जुन्या गाड्यांचे शौकीन. वजन भरपूर. त्यांनी पहिल्याच किकला गाडी सुरू केली, वर काकांनी जोडलेल्या इंजिनाची तोंडभरून तारीफ केली. मी मनात पेढे वाटले. काका म्हणाले, "देत नाही."

दुसरा एक गॅरेजवाला होता. त्याने नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवला आणि गाडी अशी गोड चालायला लागली की काकूसुद्धा बाहेर आल्या. काकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

"कामून नाही म्हणायलात? एवढा जाणकार माणूस!" काकू म्हणाल्या.

"जास्तच जाणकार है," काका म्हणाले. विकायची आहे म्हणून मला कामाला लावायचं आणि विकत घेणाऱ्याला हाकलायचं, याला काय म्हणावं?

तिसरे आले कदम सर. मूळचे नांदेडचे, आता तारनाक्याला राहून इतिहास शिकवणारे. वजन माझ्याहूनही कमी. पंधरा-वीस किका मारल्या, घामाघूम झाले, गाडी हूं की चूं करेना. शेवटी काकांनीच दुखऱ्या पायाने ती सुरू करून दिली. सर निघाले आणि कोपऱ्यावर त्यांनी सवयीने उजव्या पायाने ब्रेक दाबला. या विलायती गाडीचा गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. तेव्हा ब्रेक लागला नाही, गियर बदलला, आणि सर समोरच्या बांधकामाच्या वाळूत गेले.

काका लंगडत धावले. आता सरांची काही खैर नाही, असं मला वाटलं. त्यांनी सरांच्या अंगावरची वाळू झटकली आणि मागे वळून मला म्हणाले, "ह्यांनाच द्यायची." मी कपाळाला हात लावला.

ऑपरेशन झालं, गाडी तारनाक्याला गेली. आणि दर रविवारी सकाळी सरांचा फोन यायला लागला. "काका, सुरू होत नाहीये." काठी टेकत काका बसने जायचे. एका रविवारी मी त्यांना स्कूटरवरून सोडायला निघाले आणि वाटेत न राहवून विचारलंच, त्या दोघांना का नाही दिली म्हणून.

मागे काकांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग ते म्हणाले, "त्यांना सगळं येत होतं बेटा. एकदा गाडी नेली की ते परत कशाला आले असते? रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही."

आम्ही पोचलो. सर गाडीजवळ हताश चेहऱ्याने उभे होते. "सकाळपासून मारतोय काका, जराही दाद देत नाही." काकांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि चटका बसावा तसा झटकन मागे घेतला. इंजिन तापलेलं होतं. गाडी आत्ताच कुणीतरी चांगली लांब फिरवून आणलेली असावी.

काकांनी सरांकडे बघितलं. सर हातातल्या फडक्याने आरसा पुसत राहिले. मला काहीच कळेना आणि सगळं कळलंही, आणि भर रस्त्यात डोळे भरून आले.

काकांनी काठी भिंतीला टेकवली. "अगदी थंड पडलीय," ते म्हणाले. "सर, आधी पेट्रोलचा कॉक उघडा बघू."