विहीणबाई हलेनात

वऱ्हाडाचा ट्रक शेवगावहून निघालाही असेल, आणि इकडे देवळाली प्रवरेत चांगुणाच्या लक्षात आलं की रुखवतातल्या विहीणबाई भलत्याच जागी बसल्यात.

पोरीच्या रुखवतासाठी तिनं महिनाभर खपून विहिणींची पंगत केली होती. फळीवर पुठ्ठ्याची खोली, एका बाजूला दार, समोर काडेपेटीचा देव्हारा आणि मधे पाटांवर बसलेल्या शाडूच्या बाया. त्यांत सगळ्यांत ठसठशीत बाहुली म्हणजे नवरदेवाची आई, रतनबाई. हिरवा शालू, नाकात मण्यांची नथ. मान तिचा, म्हणजे पाट देव्हाऱ्याशेजारी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चिकटवायचं काम घेतलं नवऱ्यानं, आणि रंगनाथ पडला साखर कारखान्यातला फिटर. देव्हाऱ्याची बाजू त्याला जड वाटली, म्हणून तोल साधायला त्यानं वजनदार बाहुली दाराशी बसवली, खरकट्याच्या बादलीजवळ. वर गोंद लावला कारखान्यातला, दोन नळ्यांचा, पंपाचा फुटका सांधा धरून ठेवणारा.

"अवो, ही बाई पुतन्याच्या लग्नात पंगतीतनं उठून ट्रकात जाऊन बसली हुती," चांगुणा म्हणाली. "पान चुकीच्या जागी मांडलं म्हून. आन् तुमी तिला बादलीपाशी बसवली? पोरीला जल्मभर ऐकवंल ती."

रंगनाथ तसाच फळीकडे धावला. त्यानं बाहुली धरून ओढली, तर अख्खी फळी वर आली. ऊन पाणी ओतलं, तर शेजारच्या बाईचा रंग ओघळला. रॉकेल लावलं, तर पंगतीला असा वास सुटला की चांगुणा उदबत्ती पेटवायला धावली आणि रंगनाथनं तिचा हात वरच्या वर धरला. शेवटी छिन्नी घेतली. एका ठोक्यात रंगनाथच्या मेहुणीच्या बाहुलीची मुंडी उडून तुळशीपाशी गेली. रतनबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत, नथसुद्धा हलली नाही.

तेवढ्यात वेशीकडून ट्रकाचा हॉर्न ऐकू आला. संकटात माणसाचं डोकं चालतं म्हणतात, ते खरं आहे. रंगनाथ एकदम उठून उभाच राहिला.

"इहीनबाई हलत न्हाईत ना? मग दार हलवू."

दार आणि देव्हारा नुसते टाचण्यांवर होते. त्यानं दोन्हींची अदलाबदल केली, बादली पलीकडे सरकवली. झालं, रतनबाई देवाशेजारी. काय आनंद झाला त्याला! तो हार घेऊन वेशीकडे पळाला, आणि चांगुणानं उरलेल्या गोंदानं दार पक्कं करून टाकलं. वाया कशाला घालवायचा?

दुसऱ्या दिवशी रुखवत मांडलं. तोवर गोंद दगड झाला होता. खऱ्या रतनबाई पंगतीसमोर बसल्या, बाहुलीकडे टक लावून पाहत राहिल्या.

"ही मी व्हय? साजरी हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांचं तोंड उतरलं. "पर मला भिंतीशी कोंडली का? आत बसलं की माझा जीव घाबरा हुतो. पुतन्याच्या लग्नात असंच देव्हाऱ्यापाशी बसवलं, मानाची जागा म्हून, आन् धाप लागून उठावं लागलं. लोकं म्हनली, रुसली. मला आपली दाराशीच जागा बरी."

रंगनाथला हसावं की रडावं कळेना. त्यानं लगबगीनं दार धरून ओढलं, आणि विहीणबाईंसकट अख्खी पंगत उचलली गेली. त्यानं चांगुणाकडे पाहिलं. चांगुणानं मांडवाच्या आढ्याकडे पाहिलं.

मग फिटर तो फिटरच. खिशातून ब्लेड काढलं आणि सगळ्या वऱ्हाडादेखत त्यानं रतनबाईंच्या बाहुलीशेजारच्या भिंतीत दुसरं दार कापलं. रतनबाईंनी वाकून त्यातून आत पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"माझ्यापायी घर फोडणारा याही पैल्यांदा बघितला. पोरीची काळजी करू नका आता."

संध्याकाळी खरी पंगत बसली. रतनबाईंचा पाट आत अगदी मानाच्या जागी मांडला होता. रंगनाथनं तो स्वतः उचलून दाराशी आणला. हा पाट मात्र एका हातात उचलला गेला.